राणीची बाग आधी झाडांची

राणीची बाग म्हटले की मुंबईकरांना आधी पिंजरे आठवतात, हल्ली पेंग्विन. पण भायखळ्याची ही जागा मुळात झाडांसाठी घेतलेली होती. बागेच्या नूतनीकरणावरून पेटलेला वाद समजून घ्यायचा तर हे विसरून चालणार नाही.

एकोणिसाव्या शतकात पश्चिम भारतातल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची वनस्पती बाग शिवडीला होती. तिथे पुढे दफनभूमी झाली आणि सोसायटी भायखळ्याला आली. 19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते नवी बाग लोकांना खुली झाली. नाव पडले व्हिक्टोरिया गार्डन्स; लोकांनी मात्र तिला 'राणीची बाग' करून टाकले. 1873 साली बाग नगरपालिकेकडे गेली. प्राणिसंग्रहालय वाढले ते त्यानंतर. स्वातंत्र्यानंतर बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव मिळाले.

शहराने नको झालेल्या वस्तूही इथे आणून ठेवल्या. घारापुरीला जिच्यावरून पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' नाव दिले, ती दगडी हत्तीची मूर्ती इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटली. ती आज इथेच, जोडून उभी केलेली आहे. काळा घोडा, म्हणजे राजा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, तोही 1965 साली इथेच आला.

याच आवारातले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 सालचे. महापालिका, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून ते इतक्या निगुतीने दुरुस्त केले की 2005 मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. भिंतीवरचा नंतरचा रंग खरवडून खालचा मूळ रंग शोधता येतो. झाडाच्या बाबतीत तशी सोय नाही. शंभर वर्षांच्या खोडाभोवती खोदकाम झाले, मुळांवर काँक्रीट पडले, की गेलेले परत आणता येत नाही.

म्हणूनच 2007 च्या सुमारास परदेशी धर्तीच्या भव्य प्राणिसंग्रहालयाचा कोट्यवधींचा आराखडा पुढे आला, तेव्हा झाडांवर जीव असलेले नागरिक उभे राहिले. त्यांत स्त्रिया आघाडीवर होत्या. त्यांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. झाडे ओळखली, मोजली, नोंदवली. 286 प्रजातींची सुमारे 3000 झाडे एका गजबजलेल्या शहराच्या पोटात! गोरखचिंच, कैलासपती, लालचुटूक झुपक्यांची उर्वशी. मला त्या लढ्यातले सगळ्यात मोठे काम ही मोजदादच वाटते, कारण तिच्यामुळे 'हिरवळ' हा मोघम शब्द मागे पडला आणि एकेका झाडाला नाव मिळाले.

आराखड्याला पुढे बरीच कात्री लागली. तरी प्राण्यांचे नवे कक्ष आले. 2017 च्या मार्चमध्ये हम्बोल्ट पेंग्विन पाहायला रांगा लागल्या. त्या रांगांवर सावली होती ती जुन्या सोसायटीने घालून दिलेल्या बागेची.