रानतेरडा

रानतेरडा ही बाल्सामिनेसी कुळातली, मूळची भारतीय उपखंडातली वर्षायू वनस्पती. इम्पेशन्स बाल्सामिना हे तिचे शास्त्रीय नाव लिनियसने १७५३ साली दिले. गोव्यात जांभ्याच्या सड्यांच्या, म्हणजे सपाट कातळपठारांच्या कडा, रस्त्याकडेच्या दरडी, सत्तरी-सांग्याचे डोंगरउतार आणि चोर्ला घाटाचा पायथा ही तिची ठिकाणे. उन्हाळ्यात ही जागा करपलेली असते. जूनच्या पावसात बी रुजते, चवथीच्या सुमारास बहर येतो आणि पाऊस ओसरला की रोप वाळते. शेजारच्या कोकणात कित्येक घरी याच रोपांची गौर बसवतात.

रंगावरून तेरडा ओळखायला जाऊ नये. इथल्या त्याच्या बहुतेक भाऊबंदांची फुले गुलाबीच असतात. आधी पान बघावे. रानतेरड्याची पाने खोडावर एकाआड एक येतात. ती लांबट, भाल्याच्या पात्यासारखी, दातेरी कडांची असतात. सगळी पाने समोरासमोर असतील तर तो रानतेरडा नव्हे. लहान फुलांचा इम्पेशन्स मायनर सड्यावर भरपूर दिसतो, त्याची पाने तशी असतात. ओल्या कातळाला चिकटून, बुडाशीच पाने आणि वर नुसता फुलांचा दांडा दिसला, तर तो इम्पेशन्स अकॉलिस. तो कंदातून दरवर्षी उगवतो. घाटातल्या सावलीत इम्पेशन्स पल्चेरिमा भेटतो. त्याची पाने एकाआड एकच असल्याने फसगत होते, पण ती रुंद आणि लांब देठांची असतात आणि फूल चांगलेच मोठे, पसरट असते.

पानानंतर फूल उलटे करून बघावे. खालच्या निदलाची, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या दलाची, मागे बारीक, वाकलेली शेपटी झालेली असते. मधुरस तिच्यात असतो. फूल आधी नर असते. पाच परागकोशांची टोपी अंडाशयावर बसलेली असते. ती गळाली की खालची कुक्षी, म्हणजे पराग धरणारे टोक, उघडी पडते आणि फूल मादी होते. हा बदल एकाच रोपावर शेजारशेजारच्या फुलांत दिसतो आणि तो मुद्दाम पाहण्याजोगा आहे.

सगळ्यांत खात्रीची खूण फळाची. बोंड मांसल, दोन्ही टोकांना निमुळते आणि दाट लवीने भरलेले असते. पिकले की नुसत्या स्पर्शाने फुटते, सालीच्या फाका गुंडाळतात आणि बिया उडतात. म्हणून नोंदीसाठी फोटो काढताना फुलाबरोबर पानांची मांडणी आणि बोंडही टिपावे. बागेतले दुहेरी पाकळ्यांचे प्रकार याच जातीचे आहेत. वस्तीजवळ ते सुटून वाढतात, त्यामुळे तिथली दुहेरी फुले रानटी म्हणून नोंदवू नयेत.