बंद खिडकीतलं ऊन आणि कॅमेलिऑनची हाडं

पुण्यात हल्ली फ्लॅटमध्ये कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाळणारे दिसायला लागलेत आणि त्यांच्याकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "आमच्या हॉलच्या खिडकीत मस्त ऊन येतं, त्याला वेगळा लाइट कशाला?" हे ऐकलं की मला राहवत नाही. खिडकी बंद असेल तर त्या उन्हात उजेड असतो, ऊब असते, पण यूव्हीबी, म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे एक प्रकारचे अतिनील किरण, जवळजवळ नसतं, कारण साधी काचसुद्धा ते अडवते. आणि या प्राण्याची हाडं धड राहणार की नाही हे त्या यूव्हीबीवरच ठरतं.

मी बोलतोय ते येमेन-सौदीकडच्या व्हेल्ड आणि मादागास्करच्या पँथर कॅमेलिऑनबद्दल. आपल्याकडचा घोयरा सरडा पण कॅमेलिऑनच, पण तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, तो घरी आणायचाच नाही, आणि विषारी समजून मारायचाही नाही, कारण तो विषारी नसतो. परदेशी जातीची पण सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

तर यूव्हीबी करतं काय? उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं हे आपण शाळेत शिकलो, पण ते उन्हात नसतं, ते कातडीत तयार होतं. कातडीत ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा रेणू असतो, त्यात कार्बन अणूंची वलयं असतात, आणि साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण पडले की त्यातलं एक वलय तुटून उघडतं. त्यातून तयार होतं प्रीव्हिटॅमिन डी३, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं आधीचं रूप. प्रकाशाचं काम इथे संपलं. पुढे तो रेणू आतल्या आत बंधांची जागा बदलून खरं डी३, म्हणजे ड जीवनसत्त्व, होतो, आणि त्याला प्रकाश नाही, उष्णता लागते. आपलं शरीर कायम ३७ अंशांच्या आसपास असतं त्यामुळे आपल्याला काही करावं लागत नाही, पण सरपटणाऱ्या प्राण्याला ऊब बाहेरूनच घ्यावी लागते. मग थंड अंगात हे जमतं कसं? १९९५ साली हिरव्या इग्वाना या मोठ्या सरड्याच्या कातडीवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. २५ अंशांना नुसत्या द्रावणात निम्मं रूपांतर व्हायला ७२ तास लागत होते, तेच कातडीत ८ तासांत झालं, कारण पेशीपटलातले मेदाचे रेणू प्रीव्हिटॅमिनला नेमक्या त्या आकारात धरून ठेवतात ज्यातून ते डी३ होऊ शकतं. मला हे अफाट सुंदर वाटतं. शिवाय ऊन जास्त झालं तर उरलेलं प्रीव्हिटॅमिन ल्युमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉल या निरुपद्रवी रेणूंमध्ये बदलतं, म्हणजे उन्हाने ड चा ओव्हरडोस होत नाही, खाण्यातून दिलेल्या डी३ च्या पावडरीने मात्र होतो. पँथर कॅमेलिऑनवरचा २००९ चा अभ्यास तर असं दाखवतो की खाण्यातून डी३ कमी मिळालं तर तो स्वतःहून यूव्हीमध्ये जास्त वेळ बसतो, भरपूर मिळालं तर कमी. त्यामुळे पिंजऱ्यात सावली पण हवीच.

हे डी३ लिव्हर आणि किडनीतून जाऊन सक्रिय होतं तेव्हा कुठे आतडं कॅल्शियम नीट शोषतं. ते झालं नाही तर शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडांतून काढून घेतं, मग पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, आणि स्नायूंनाही कॅल्शियम लागतं म्हणून जीभ धड बाहेर पडत नाही. माणसाच्या पोरांमधला मुडदूस तो हाच प्रकार. जाता जाता, बाळाला कोवळ्या उन्हात ठेवलं की ड मिळतं हा आपल्याकडचा ठाम समज, पण सूर्य खाली असताना किरण ओझोनच्या जाड थरातून तिरपे येतात आणि यूव्हीबी फारच थोडं उरतं. कॅमेलिऑनलाही सकाळी सातचं ऊन त्यासाठी पुरत नाही. आणि एप्रिलात पुण्यात दुपारी बाराला त्याला गॅलरीत ठेवलं तर तो तापून मरेल.

खाण्याचं सोपं आहे. त्याला खायला देतात त्या रातकिड्यांमध्ये, मीलवर्म नावाच्या अळ्यांमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम अगदी कमी असतं, पाहिजे ते उलटं, साधारण दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस. म्हणून किड्यांना आदल्या दिवशी शेवग्याचा पाला, गाजर खायला घालायचं आणि देताना फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर भुरभुरायची, डी३ वाली महिन्यातून दोनदाच. मोठ्याला एक दिवसाआड खाणं पुरतं. पाणी वाटीतून तो सहसा पीत नाही, पानांवर फवारा मारा, थेंब चाटतो.

लाइट म्हणजे यूव्हीबीची लांब टी५ (बारीक जाडीची) ट्यूब आणि शेजारीच उबेचा बल्ब, बसायच्या फांदीवर तिशीच्या आसपास तापमान, कारण वर सांगितलेल्या दोन्ही पायऱ्या तिथेच घडायच्यात. बारा तास चालू, रात्री पूर्ण अंधार, लाल बल्बही नको. बॉक्सवर नुसतं 'फुल स्पेक्ट्रम' छापलेल्या एलईडीला भुलू नका, यूव्हीबी लिहिलेलं नसेल तर ते नाहीच असं धरा. ट्यूब लावाल त्या दिवशीची तारीख मार्करने तिच्यावरच लिहा आणि सहा ते बारा महिन्यांत, कंपनी सांगेल तशी, बदला, कारण यूव्हीबी संपत आलं तरी ती दिसायला तेवढीच लख्ख असते.