.३०८ की .३०-०६? गोळी एकच आहे हो!

"रानडुकराला .३०८ पुरते, पण मोठ्या जनावरासाठी .३०-०६ च हवी, तिची गोळी मोठी असते." रायफल घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला या दोन काडतुसांबद्दल हे ऐकवणारा कुणीतरी भेटतोच. डुकराला .३०८ पुरते, हे खरं. गोळी मोठी असते, हे साफ चूक. आणि या एका चुकीपोटी लोक नको ती रायफल घेतात, नको तेवढा धक्का खांद्यावर झेलतात आणि ज्याकडे बघायला हवं त्याकडे बघतच नाहीत.

.३०८ बद्दल वेगळं सांगायची गरज नसावी. १९५२ साली विंचेस्टरनं बाजारात आणलेलं काडतूस, नाटोच्या ७.६२ × ५१ चं जुळं भावंड, आखूड बोल्टच्या (काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) रायफलीत बसणारं. .३०-०६ त्याहून जुनं. अमेरिकन सैन्यानं १९०६ मध्ये स्वीकारलं, म्हणून मागे ०६. ते कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी नव्हे, वर्ष आहे.

आता मुद्दा. दोन्हींची गोळी ०.३०८ इंच, म्हणजे ७.८२ मिलिमीटर जाडीची. तीच १८० ग्रेन वजनाची गोळी (सुमारे ११.७ ग्रॅम) या पुंगळीतही, म्हणजे दारू भरलेल्या पितळी नळीतही, बसते आणि त्याही. फरक पुंगळीच्या लांबीत आहे: .३०८ ची ५१ मिलिमीटर, .३०-०६ ची ६३. पुंगळी लांब म्हणजे दारू जास्त, दारू जास्त म्हणजे वेग जास्त, इथवर हिशेब बरोबर आहे. किती जास्त, हे मात्र कुणी विचारत नाही.

कारखान्यात भरलेल्या नेहमीच्या काडतुसांत १८० ग्रेनची गोळी .३०८ मधून सेकंदाला साधारण ८०० मीटर वेगानं सुटते, .३०-०६ मधून ८२३. ऊर्जा ३,७२० ज्यूलविरुद्ध ३,९५०. म्हणजे सहा टक्के. १५० ग्रेनला ८६० आणि ८८७. बारा मिलिमीटर जास्त लांबीतून एवढंच पदरात पडतं, कारण .३०८ जन्मली तोवर दारू सुधारली होती, शिवाय तिला दाबाची मर्यादाही थोडी वरची आहे: दर चौरस इंचाला ६२,००० पौंड, .३०-०६ ला ६०,०००. दोन्ही रायफलींचा नेम २०० मीटरवर जुळवून ३०० मीटरवर झाडल्या तर गोळीच्या उतारात फरक पडतो दोनेक सेंटिमीटरचा. चाप ओढताना श्वास चुकला तरी त्याच्या कितीतरी पट नेम हलतो.

मग लांब पुंगळी उगाचच आहे का? नाही. २०० ते २२० ग्रेनच्या गोळ्यांवर आलात की तिचं काम सुरू होतं. जाडी तीच असल्यामुळे वजन वाढलं की गोळी लांब होते. .३०८ च्या आखूड मॅगझिनमध्ये मावण्यासाठी ती पुंगळीत खोल दाबावी लागते आणि दारूची जागा खाते. .३०-०६ मध्ये ती ऐसपैस बसते. २२० ग्रेनची गोळीही सेकंदाला ७३५ मीटरच्या आसपास जाते. मूससारख्या (उत्तरेकडच्या थंड जंगलातलं प्रचंड हरीण) हाडापेराच्या जनावरासाठी किंवा मोठ्या तपकिरी अस्वलासाठी अशी जड गोळी वापरणार असाल तर .३०-०६ घ्या, माझी हरकत नाही. १५० ग्रेनच्या गोळ्या भरून "माझी रायफल मोठ्या जनावराची" म्हणणाऱ्यांपुढे मात्र हात टेकले.

रानडुकराचं गणित तर पुंगळीवर ठरतच नाही, गोळीच्या बांधणीवर ठरतं. थोराड नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट कूर्चेसारखी ढाल असते. वय आणि मारामाऱ्यांबरोबर ती जाडच होत जाते. पातळ तांब्याच्या वेष्टणाची, चटकन पसरणारी गोळी चाळीस मीटरवरून पूर्ण वेगात तिथे आदळली तर वरवरच फुटू शकते. इथे जास्तीचा वेग उलट घात करतो, म्हणजे ज्या गोष्टीसाठी .३०-०६ घेतली तीच आडवी येते. शिसं वेष्टणाला घट्ट जोडलेली किंवा सबंध तांब्याची गोळी घ्या. ती पसरते, पण विखरत नाही आणि आतवर पोचते.

दुसरं म्हणजे जागा. डुकराचं हृदय आणि फुप्फुसं हरणापेक्षा पुढे आणि खाली, पुढच्या पायांच्या मध्ये असतात. पाठीवरच्या उभ्या केसांनी जनावर आहे त्याहून उंच दिसतं. हरणाच्या सवयीनं खांद्यामागे, उंचीच्या मधोमध नेम धरला की गोळी पोटात. जखमी डुक्कर झाडीत जातं आणि शिकारी कॅलिबरला शिव्या घालतो.

याच्या उलट, लहान रायफलही पुरते म्हणणाऱ्यांचं आवडतं उदाहरण म्हणजे आफ्रिकेतला हत्तींचा शिकारी बेल. डब्ल्यू. डी. एम. बेलनं .२७५ रिग्बीसारख्या लहान रायफलीनं शेकडो हत्ती मारले, हे खरंच. पण न पसरणाऱ्या भरीव गोळ्यांनी, थेट मेंदूत, आणि हत्तीची कवटी आतून कशी असते ते शिकून. त्याचं नाव घेऊन .२२३ सारख्या बारक्या काडतुसानं मोठ्या जनावरामागे जाणाऱ्यानं निदान हे तरी लक्षात घ्यावं की आफ्रिकेतल्या अनेक देशांत हत्ती-रानम्हशींसाठी .३७५ पेक्षा लहान रायफल चालत नाही.

माझं मत विचाराल तर डुकरापासून एल्कपर्यंत (उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण) .३०८, १६५ किंवा १८० ग्रेनची घट्ट बांधणीची गोळी. रायफल आखूड, धक्का कमी, आणि धक्का कमी म्हणून सरावही जास्त होतो. घरात चांगली .३०-०६ आधीच असेल तर ती विकून .३०८ घेण्यातही अर्थ नाही.

दोन्ही रायफली एकाच घरात असतील तर एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. दोन्ही पुंगळ्यांचा बुडाचा घेर सारखाच. .३०-०६ चं काडतूस .३०८ मध्ये घातलं तर बोल्ट बंदच होत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. उलट मात्र होऊ शकतं: .३०८ चं आखूड काडतूस .३०-०६ च्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत जातं, बोल्टची नखी त्याला धरून ठेवते आणि चाप ओढला की ते उडूही शकतं. पुढे टेकायला आधार नसल्यामुळे पुंगळी फाटू शकते आणि तापलेला वायू झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. बोल्ट बंद झाला म्हणजे काडतूस बरोबर, असं धरून चालू नका. पुंगळीच्या बुडावर कोरलेलं नाव वाचा, आणि दोन्ही काडतुसं एका पिशवीत ठेवूच नका.