मुलं तिकडे, घर इकडे: माइल्स कुठे जमवायचे?

वर्षातले काही महिने पुण्यात आणि काही महिने मुलांकडे न्यू जर्सीत किंवा दुबईत, असं ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांच्याकडे बहुधा चार विमान कंपन्यांची चार खाती असतात. प्रत्येकात थोडेथोडे माइल्स (प्रवासावर मिळणारे आणि पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट), आणि एकातूनही तिकीट निघत नाही. तिकीट स्वस्त पडेल त्या कंपनीचं जरूर घ्या, पण माइल्स शक्यतो एकाच खात्यात टाका.

हे जमतं ते कंपन्यांच्या गटांमुळे. एअर इंडिया (2014 पासून), लुफ्थान्सा, युनायटेड आणि सिंगापूर एअरलाइन्स या स्टार अलायन्समध्ये आहेत. जाताना एअर इंडिया, येताना लुफ्थान्सा असं केलं तरी दोन्ही उड्डाणांचे माइल्स युनायटेडच्या एकाच खात्यात जमा करता येतात. मात्र एका उड्डाणाचे माइल्स दोन खात्यांत मिळत नाहीत. कतार आणि ब्रिटिश एअरवेज वनवर्ल्ड गटात आहेत. एमिरेट्स कोणत्याच गटात नाही. आणखी एक: भागीदार कंपनीच्या सर्वांत स्वस्त वर्गाच्या तिकिटावर माइल्स फार कमी मिळतात, कधी मिळतही नाहीत. तिकिटावर वर्गाचं एक अक्षर छापलेलं असतं, ते पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

खातं निवडताना आम्ही, म्हणजे तुमची तिकिटं काढून देणारे, आधी मुदत बघतो. वर्षातून एकदाच जाणाऱ्यांचे माइल्स जमायला वेळ लागतो आणि तेवढ्यात ते बाद होतात. युनायटेड आणि डेल्टाचे माइल्स बाद होत नाहीत. अमेरिकन एअरलाइन्सच्या खात्यात 24 महिने काहीच हालचाल झाली नाही तर जातात. कतार आणि ब्रिटिश एअरवेजचे एव्हिऑस (त्यांच्या माइल्सचं नाव) 36 महिने टिकतात, आणि मधे थोडेसे जमा झाले किंवा वापरले तरी मुदत पुढे सरकते. सिंगापूरचे माइल्स तीन वर्षांनी जातात. खातं वापरात असलं तरी मुदत आपोआप वाढत नाही. एमिरेट्सची मुदतही तीन वर्षांचीच, पण ती संपते तुमच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस. मुलं अमेरिकेत असतील तर आम्ही सहसा युनायटेड सुचवतो. दुबईत असतील तर एमिरेट्स, कारण तिथे कुटुंबातल्या आठ जणांपर्यंत माइल्स एकत्र करता येतात.

सिल्व्हर-गोल्ड या सदस्यत्वाच्या वरच्या दर्जांच्या मागे मात्र लागू नका. एमिरेट्सच्या सिल्व्हरला मुंबई-दुबईवर 12 किलो जास्त सामान मिळतं, म्हणजे मसाले-लोणच्यांची सोय झाली. पण त्यासाठी वर्षात 25 उड्डाणं किंवा 25,000 टिअर माइल्स (दर्जा ठरवायला वेगळे मोजले जाणारे माइल्स) लागतात. मुंबई-दुबई-न्यूयॉर्क जाऊन-येऊन चारच उड्डाणं होतात.

नावाचा घोळ

सर्वांत जास्त माइल्स इथेच अडकतात. आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं: ‘सुनीता रमेश’, आणि आडनाव ‘जोशी’. तिकिटावर ते ‘जोशी/सुनीतारमेश मिसेस’ असं जोडून छापलं जातं. खातं मात्र मुलाने घाईत ‘सुनीता जोशी’ या नावाने उघडलेलं असतं. नाव जुळलं नाही की माइल्स जमा होत नाहीत, आणि तसं कोणी कळवतही नाही. म्हणून खातं पासपोर्ट समोर ठेवून, त्यावरच्या स्पेलिंगप्रमाणेच उघडा. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललं तर खात्यातही बदला. देश बदलला म्हणून नवं खातं उघडू नका, जुन्यातला पत्ता बदला.

ईमेल स्वतःचा द्या, नोकरीच्या कंपनीचा नको. नोकरी सुटली की तो बंद आणि खात्याचा पासवर्डही गेला. ओटीपी भारतातल्या नंबरवर येत असेल तर परदेशी असतानाही त्या सिमचं रिचार्ज चालू ठेवा. 90 दिवस वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो.

माइल्स जमा झालेले दिसेपर्यंत बोर्डिंग पास फाडू नका. दोन-तीन आठवड्यांत दिसले नाहीत तर ‘मिसिंग माइल्स’चा अर्ज करा. त्याला सहा अक्षरी पीएनआर पुरत नाही, 13 आकडी तिकीट क्रमांक लागतो: एअर इंडियाचा 098 ने सुरू होतो, एमिरेट्सचा 176 ने, युनायटेडचा 016 ने. अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी सहा महिने ते एक वर्ष. आणि बोर्डिंग पासचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नका, त्यावर पीएनआर आणि सदस्य क्रमांक दोन्ही असतात.

माइल्सवरचं तिकीट फुकट नसतं. कर रोख भरावा लागतो, काही कंपन्या इंधन अधिभारही घेतात. मे-जून आणि डिसेंबरमध्ये अशा जागा मिळणं कठीण, त्यामुळे आधी जागा बघा, मग माइल्स मोजा.

परतीचं तिकीट साधारणपणे पहिल्या प्रवासापासून जास्तीत जास्त वर्षभर चालतं, स्वस्त भाड्यात त्याहूनही कमी. पहिला टप्पा सोडला तर पुढचे टप्पे रद्द होतात. ‘जाताना मुलाबरोबर दुसऱ्या विमानाने गेलो, येताना हे वापरू’ हे चालत नाही.

एसटीसारखा पास मिळतो का, असंही विचारलं जातं. युरोपात विझ एअरचा वर्षाचा पास आहे, पण त्यावर जागा उड्डाणाआधीच्या शेवटच्या तीन दिवसांतच बुक करता येते. ठरलेल्या तारखेला पोचायचं असेल तर तो कामाचा नाही.

तिकीट काढायला येताना पासपोर्टची झेरॉक्स आणि सदस्य क्रमांक आणा. क्रमांक बुकिंग करतानाच घातला की पुढची बरीच धावपळ वाचते.