स्वस्त पेट्रोल किती लांबून परवडतं?

बांदा-सावंतवाडीकडच्या माणसाला गोव्यात काम निघालं, की परतताना तो टाकी फुल्ल करूनच हद्द ओलांडतो. तलासरीकडचे लोक हेच गुजरातेत करतात. पेट्रोल जीएसटीत नाही, त्यावरचा व्हॅट प्रत्येक राज्य आपापला ठरवतं, म्हणून हद्दीच्या दोन बाजूंना दोन भाव. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी गोव्यात हा कर २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा लिटरमागे ११ रुपयांच्या आसपास फरक पडला होता. पुढे कर पुन्हा वाढला, तरी गोव्यातलं पेट्रोल आजही आपल्यापेक्षा स्वस्तच. राज्याच्या आतही भाव सारखा नसतो. परभणीत तो कायम चढा, कारण तेल येतं मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून, म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटरवरून.

पण दुसरं काहीच काम नसताना केवळ पेट्रोलसाठी जायचं झालं तर? धरा, भाव १०० रुपये आहे आणि पलीकडे ८ रुपयांनी कमी. कारमध्ये ३० लिटर भरलं तर २४० रुपये वाचले. २४० रुपयांत इकडचं २.४ लिटर येतं, आणि १५ च्या ॲव्हरेजने त्यात ३६ किलोमीटर होतात. म्हणजे पंप १८ किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन हाती शून्य. बाईकचं गणितही फार वेगळं नाही. ८ लिटर आणि ५० चं ॲव्हरेज धरलं, तर जाऊन-येऊन ३२ किलोमीटर. गाडी कुठलीही असो, भरलेल्या पेट्रोलवर ती जेवढी धावेल त्याच्या आठ टक्के अंतरात सगळा फायदा संपतो. त्यापुढे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दुसरा लाडका उपाय पहाटे पेट्रोल भरण्याचा. गारव्यात पेट्रोल आकसतं, म्हणून लिटरमध्ये जास्त येतं, असं सांगतात. आकसतं हे खरं, पण एका अंशाला साधारण ०.१ टक्का. त्यातून पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान दिवस-रात्रीत फारसं हलत नाही. दोन अंशांचा फरक धरला, तरी १० लिटरमागे २० मिली, म्हणजे दोन रुपये. मापातली मान्य चूकच ५ लिटरला २५ मिली असते! शंका असेल तर पंपावरचं शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप मागून घ्यावं. तो ग्राहकाचा हक्क आहे.

पंपावर लिहिलेली घनता वाचून ‘आज माल चांगला आहे’ म्हणणारे जाणकारही भेटतात. भेसळ ओळखायला तो आकडा उपयोगी आहे, पण त्यावरून ॲव्हरेज कळत नाही. पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं इथेनॉल पेट्रोलपेक्षा जड, तरी एका लिटरमधली त्याची ऊर्जा जवळपास एक तृतीयांशाने कमी. २० टक्के मिश्रणात दर लिटरची ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्क्यांनी घटते. ॲव्हरेज घटल्याची जुन्या गाडीवाल्यांची कुरकुर अगदीच निराधार नाही ती यामुळे.

खरा पैसा उजव्या पायाखाली आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात, तर प्रत्येक किलोमीटरला हवा कापायला ५६ टक्के जास्त ऊर्जा लागते. टायरमधली हवा कमी असेल, तर टायर जास्त दबतो आणि पेट्रोलचा काही भाग रबर तापवण्यात जातो. महिन्यातून दोनदा हवा बघायला पैसे पडत नाहीत, तरी आपण ते टाळतो, का कोण जाणे.

घाटात न्यूट्रल मारायची सवय मात्र सोडायला हवी. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्याने थोडं वाचत असेल. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला, की इंजिनात पेट्रोल सोडणारा इंजेक्टर ते बंदच करतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये तेच इंजिन चालू राहायला थेंब थेंब पीत राहतं. म्हणजे आंबोली घाट सेकंड-थर्डमध्ये उतरणारा न्यूट्रलवाल्यापेक्षा कमी जाळतो, आणि त्याचे ब्रेकही तापत नाहीत. काही जण तर इंजिनच बंद करतात. मग दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकला जोर देणारा बूस्टर रिकामा होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि समोर वळण असतंच.