ग्रामीण विदर्भातील झोप

झोप : शरीर आणि मेंदू यांची रोज परतून येणारी विश्रांतीची अवस्था. झोपलेले माणूस बाहेरून निपचित दिसते; मेंदूचे काम मात्र थांबलेले नसते. रात्रभरात साधारण ९० मिनिटांची चार ते सहा आवर्तने होतात आणि त्यांत गाढ झोप व स्वप्नांची झोप आलटून-पालटून येते. गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक सर्वाधिक स्रवते. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते. आयुर्वेदाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. झोप किती लागते हे वय ठरवते. ती किती मिळते हे विदर्भातल्या खेड्यात ऊन, वीज, रानातली जनावरे आणि घरकामाची वाटणी ठरवतात. म्हणून ‘वेळेवर झोपत जा’ एवढा सल्ला इथे पुरत नाही.

नवजात बाळाला दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास झोप लागते आणि तिचा जवळपास निम्मा भाग स्वप्नझोपेचा असतो. रात्र-दिवसाचा फरक त्याला पहिल्या काही महिन्यांत हळूहळू कळू लागतो. निंदणाला किंवा वेचणीला जाणारी आई धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) निंबाला लुगड्याची झोळी बांधून त्यात बाळ निजवते. झोळीत हनुवटी छातीवर टेकली तर श्वास कोंडू शकतो, त्यामुळे त्याच्यावर सतत कोणाची तरी नजर हवी. घरी तान्ह्याला सपाट, कडक अंथरुणावर उताणेच निजवावे. ‘लेकरू लई शांत आहे, रडतच नाही’ हे कौतुक जपून करावे. दूध प्यायलाही न उठणारे, अंग ढिले सोडणारे नवजात बाळ आजारी असू शकते. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना अशी धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवले आणि त्यातून अनेक बाळे वाचली.

शाळकरी वयात ९ ते ११ तास झोप लागते. जिल्हा परिषदेची शाळा एरवी उशिरा भरत असल्याने तिचा फारसा अडसर होत नाही, पण उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की मूल अर्धवट झोपेतून उठते. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावी रात्रभर नाटक चालते आणि मुले मांडवातच झोपी जातात. अशा एखाद्या रात्रीने काही बिघडत नाही. बिघडते ते रोजच्या मोबाइलने. किशोरवयात झोपेची वेळ सांगणारे मेलाटोनिन मुळातच तास-दोन तास उशिरा स्रवू लागते, त्यात पडद्याच्या उजेडाची भर पडते. या वयाला ८ ते १० तास हवेत. उशिरा उठणारा पोरगा आळशीच असतो, असे नाही.

प्रौढाला किमान ७ तास झोप लागते आणि सर्वांत जास्त ओढाताण याच वयात होते. शेतीपंपांना तीन फेजची वीज पाळीने मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रपाळी आली की गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी थंडीत शेतकरी वावरात जातो आणि स्प्रिंकलरचे पाईप बदलत रात्र काढतो. पीक हाताशी आले की जागल, म्हणजे रात्रीची राखण, सुरू होते. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) एका रात्रीत तुरीचा फडशा पाडतात. ताडोब्याच्या आसपासच्या गावांत वाघ-बिबट्याची भीतीही असते. सलग १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, आणि अशाच अवस्थेत तो ओल्या पायांनी पंपाच्या स्टार्टरला हात लावतो. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना म्हणूनच आरोग्याचीही योजना मानायला हवी.

जागलीवर डोळा लागू नये म्हणून खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) तोंडात धरला जातो. त्यातल्या तंबाखूचे निकोटिन उत्तेजक असल्याने घरी आल्यावरही झोप लवकर लागत नाही. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती वारंवार मोडते. जागल टळणारच नसेल तर जाण्याआधी संध्याकाळी डुलकी घ्यावी, परतल्यावर अंधाऱ्या खोलीत झोपावे आणि घरच्यांनी त्या वेळी हाक मारू नये.

बाईची झोप कोणाच्या हिशेबात नसते. सडा, पाणी, स्वयंपाक यांसाठी ती सर्वांआधी उठते, दिवसभर मजुरी करते आणि सर्वांत शेवटी आडवी होते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला अंधार असतानाच जंगल गाठावे लागते. पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा निघून झोप मोडू लागते, तेव्हाही कामाची वेळ तीच राहते. घरातल्या इतरांनी पहाटेचे एखादे काम उचलले, तर त्या बाईला मिळणारा तासभर कोणत्याही औषधापेक्षा मोलाचा ठरतो.

झोप लागायला शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि टिनाचे छप्पर किंवा स्लॅब मध्यरात्रीनंतरही तापलेलाच असतो. मातीच्या भिंती आणि कवेलू (कौले) असलेली घरे यापेक्षा सोसवतात. कोरड्या हवेमुळे कूलर चांगला चालतो. पाऊस पडून दमट झाले की त्याचा उपयोग उरत नाही. एरवी दिवसा झोपू नये म्हणणाऱ्या आयुर्वेदाने ग्रीष्मात मात्र दुपारची झोप मान्य केली आहे. अंगणात निजताना जमिनीपेक्षा बाज बरी, आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली हवी. मण्यार ही विषारी सापाची जात रात्री अंथरुणात शिरून चावते. तिचा दंश अनेकदा दुखतही नाही, म्हणून तो उशिरा लक्षात येतो. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या जिल्ह्यात मच्छरदाणीचे काम दुहेरी आहे.

म्हातारपणी ७ ते ८ तास झोप लागते, पण ती तुटक होते आणि पहाटे लवकर जाग येते. हा वयाचा भाग आहे. मात्र रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागत असेल, किंवा मोठ्याने घोरताना मध्येच श्वास थांबत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

कर्ज, नापिकी, मुलीचे लग्न या काळजीने आठवडेच्या आठवडे झोप उडाली, तर तिला ‘विचार जास्त करतो’ म्हणून सोडून देऊ नये. सततचा निद्रानाश ही नैराश्याची खूण असू शकते आणि ती बहुधा घरच्यांनाच आधी दिसते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढचा रस्ता कळतो. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते.