ध्वनिसंपादन सॉफ्टवेअर, दृष्टिहीनांसाठी सुलभ

पडद्याकडे न पाहता, केवळ कळफलक आणि उच्चारित किंवा ब्रेल मजकूर यांच्या आधारे ध्वनिमुद्रण, संपादन, मिक्सिंग व स्वरलेखन करता येईल अशा सॉफ्टवेअरला ही संज्ञा लावली जाते. खास अंधांसाठी घडवलेली संगीताची सॉफ्टवेअर मोजकीच आहेत. सर्वांसाठीच्या सॉफ्टवेअरने आपली बटणे, याद्या आणि आकडे स्क्रीन रीडरला कळतील अशा रीतीने मांडणे, हाच या विषयाचा गाभा होय. संगीत हा कानाचा विषय असल्यामुळे तो अंध व्यक्तीला संगणकावरही सोपाच जात असेल, असा समज आढळतो. प्रत्यक्षात ध्वनिलहरींची रेखाचित्रे, माउसने फिरवायचे नॉब आणि लाल-हिरवे लेव्हल मीटर यांमुळे हे काम टंकलेखन किंवा हिशेब यांच्यापेक्षा कितीतरी अधिक चित्रमय झाले आहे.

पडद्यावरील मजकूर व नियंत्रणे वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला स्क्रीन रीडर म्हणतात. जॉज हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉससाठी आणि १९९५ मध्ये विंडोजसाठी आला. अ‍ॅपलने २००५ मध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर मॅकमध्येच अंतर्भूत केला. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए मोफत व मुक्तस्रोत असून ईस्पीक या उच्चारयंत्राच्या आधारे तो मराठीही वाचतो; हा आवाज काहीसा यांत्रिक आहे, परंतु वेग बराच वाढवला तरी शब्द कळतात, आणि रोज सात-आठ तास काम करणाऱ्याला गोडव्यापेक्षा हा गुण अधिक मोलाचा वाटतो. स्क्रीन रीडर पडदा पाहत नाही, तो विचारतो: सध्या कोणत्या वस्तूवर लक्ष आहे, तिचे नाव काय, प्रकार कोणता, मूल्य किती. सॉफ्टवेअरने या प्रश्नांना उत्तर दिले तर तो बोलतो. नॉब हे नुसते चित्र म्हणून काढलेले असेल तर उत्तर देणारे कोणी नसते आणि वापरकर्त्याच्या वाट्याला शांतता येते. प्लगइनांच्या, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायच्या परिणामांच्या व वाद्यांच्या छोट्या प्रोग्रामांच्या, बाबतीत ही अडचण सर्वाधिक जाणवते. अनेक प्लगइन ज्या ज्यूस नावाच्या चौकटीवर बांधले जातात तिच्या ६.१ या आवृत्तीत, २०२१ मध्ये, स्क्रीन रीडरचा आधार समाविष्ट झाल्यावर परिस्थिती काहीशी पालटली; जुने प्लगइन मात्र मुकेच राहिले.

याहून वेगळी आणि कमी चर्चिली गेलेली अडचण म्हणजे एकाच कानावर पडणारा दुहेरी भार. डोळस संपादक डोळ्यांनी मीटर पाहतो आणि कानांनी गाणे ऐकतो. अंध संपादकाला मीटरही ऐकावा लागतो आणि गाणेही. गायकाची तान सुरू असताना ‘ट्रॅक तीन, उणे सहा डेसिबल’ हे शब्द तिच्यावरच येऊन आदळतात. त्यामुळे अनुभवी लोक दोन ध्वनिमार्ग वेगळे ठेवतात: स्क्रीन रीडरचा आवाज लॅपटॉपच्या स्वतःच्या ध्वनियंत्रणेतून, आणि संगीत बाहेरून जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसमधून. काही जण एका कानात बोलणे व दुसऱ्या कानात गाणे अशीही विभागणी करतात, मात्र स्टीरिओ मिक्सिंगच्या वेळी तिचा उपयोग नसतो. मार्ग वेगळे ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. आसिओ प्रकारचे ड्रायव्हर (ध्वनियंत्र चालवणारे प्रोग्राम) पुष्कळदा ध्वनियंत्रावर एकहाती ताबा घेतात, आणि स्क्रीन रीडरही त्याच यंत्रावर अवलंबून असेल तर रेकॉर्डिंग सुरू होताच तो गप्प होतो. मग काय चालले आहे हे सांगणारा कोणी उरत नाही.

वाजवलेला ध्वनी संगणकातून परत ऐकू येईपर्यंतच्या विलंबाचे गणितही येथे लागू होते. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जात असताना बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो नमुन्यांचा गठ्ठा, २५६ नमुन्यांचा ठेवला तर त्यापुरता विलंब सुमारे ५.८ मिलिसेकंद होतो, म्हणजे तबला साधारण दोन मीटर अंतरावर वाजत असल्यासारखे वाटते. बफर १,०२४ केला की विलंब सुमारे २३ मिलिसेकंदांवर जातो आणि हेडफोनवर स्वतःचीच थाप ऐकत वाजवणाऱ्याचा ठेका ओढल्यासारखा होतो.

अंध ध्वनिसंपादकांत विशेष रुळलेले सॉफ्टवेअर म्हणजे रीपर. विनॅम्पचे जनक जस्टिन फ्रँकेल यांच्या कोकोस या कंपनीने ते तयार केले. त्याचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा असून ६० दिवस ते विनामूल्य वापरून पाहता येते. मूळ रीपर स्क्रीन रीडरशी फारसे बोलत नाही. ते बोलके करते ते ओसारा हे मुक्तस्रोत जोडसॉफ्टवेअर. एनव्हीडीएच्या उभारणीत करन यांच्यासोबत असलेले जेम्स टेह यांनी ते सुरू केले. वर-खाली बाणांनी ट्रॅक बदलला की त्याचे नाव, तो म्यूट (बंद) आहे की सोलो (एकटाच ऐकू येणारा), रेकॉर्डिंगसाठी आर्म (सज्ज) केला आहे की नाही, हे सारे ऐकू येते. एफ५, एफ६ व एफ७ या कळांनी अनुक्रमे याच तीन स्थिती बदलतात. चित्रमय प्लगइनचे नॉब ओसारा साध्या यादीच्या रूपात मांडते, आणि आवाजाची पातळी ठरवलेल्या मर्यादेवर गेली की तसे सांगते, त्यामुळे लाल दिवा न दिसताही ध्वनी फाटण्यापूर्वी सावध होता येते. नुसते कापणे-जोडणे असेल तर ऑडॅसिटी पुरते. मॅकवर लॉजिक प्रो व गॅरेजबँड व्हॉइसओव्हरसह वापरले जातात.

सांगली जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाला एक वेगळी पार्श्वभूमी आहे. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेले गायक विष्णु दिगंबर पलुस्कर यांची दृष्टी बालपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली. उपचारांसाठी ते मिरजेला आले आणि तेथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे संगीतशिक्षण झाले. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर जवारी लावतो, म्हणजे तारेला गुंजन यावे म्हणून घोडी घासून बसवतो, ती कानाने. तंबोऱ्याचे मोबाइल अ‍ॅप वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्याचा कानही तितकाच तयार असू शकतो, परंतु अ‍ॅपमधील पट्टीचा स्लायडर ‘त्रेचाळीस टक्के’ एवढेच उच्चारत असेल तर त्या कानाला काम नाही. सांगली-मिरजेचा पेटीवादक ‘काळी दोन’ किंवा ‘पांढरी चार’ म्हणतो. नियंत्रणाने हेच नाव उच्चारावे, एवढीच अपेक्षा आहे. प्रोग्रामरच्या दृष्टीने ती एका ओळीची दुरुस्ती ठरते. ट्रॅकला ‘पखवाज’, ‘टाळ’, ‘मुख्य गायक’ अशी देवनागरी नावे देता येतात, मात्र सॉफ्टवेअरच्या आज्ञा इंग्रजीत असल्याने उच्चारयंत्र दर शब्दाला भाषा बदलू लागते. म्हणून भजनी मंडळाचे रेकॉर्डिंग करणाऱ्याला ट्रॅकची नावे रोमन लिपीत लिहिणे सोयीचे वाटले तर नवल नाही.

स्वरलेखनात स्थिती अधिक बिकट आहे. पाश्चात्त्य संगीतासाठी लुई ब्रेल यांनी स्वतःच्या सहा ठिपक्यांतून लिपी घडवली. तीत डी ते जे या अक्षरांच्या खुणाच सी ते बी हे स्वर दर्शवतात आणि तिसरा व सहावा ठिपका मात्रामूल्य ठरवतात. म्यूझस्कोर हे मोफत सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरसह चालते व ब्रेल लिपीत निर्यातही करते. पलुस्करांनी स्वतःची स्वरलेखन पद्धती घडवली. ज्यांची नजर अधू होती त्यांनीच डोळ्यांनी वाचायची लिपी रचावी, हा योगायोग लक्षणीय आहे. आज अधिक प्रचलित असलेल्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब आणि तार सप्तकासाठी वर टिंब असते. संगणकावर ही रेघ बहुधा अक्षराची सजावट म्हणून दिलेली असते आणि टिंबे खास फाँटमध्ये दडलेली असतात. परिणामी स्क्रीन रीडरचे नेहमीचे वाचन शुद्ध रे आणि कोमल रे दोन्ही नुसते ‘रे’ म्हणून उच्चारते, आणि भैरवाची बंदिश ऐकणाऱ्यापर्यंत सर्व शुद्ध स्वरांच्या बिलावलासारखी पोहोचते. एनव्हीडीएमध्ये अक्षराखालच्या रेघा सांगण्याची सोय चालू करता येते, पण मग प्रत्येक रेघेगणिक आवाज थांबतो आणि ताल मोडतो. ‘कोमल रे’, ‘मंद्र नि’ असे शब्दांत लिहून मात्रा स्वल्पविरामाने व विभाग नव्या ओळीने तोडणे, हा साध्या मजकूर-फायलीतला उपाय दिसायला ओबडधोबड आहे, परंतु त्यात कोणताही स्वर हरवत नाही.